तपकिरी दिसलं म्हणजे रक्तवाहिनी नव्हे

प्रिय,

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) रुग्णांच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, रक्तवाहिन्या किती याची तुझी मोजणी वाचली. दोन रुग्णांचे आकडे इतके चढलेत की मला राहवेना, त्या स्लाइड मी पुन्हा लावून बघितल्या. तू सीडी ३४चा स्टेन वापरलास, म्हणजे त्या नावाचं प्रथिन असलेल्या पेशी रंगवणारा. त्याने रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी तपकिरी होतात हे खरं, पण ल्युकेमियाचे ब्लास्टही (अपक्व कॅन्सरपेशी) पुष्कळदा होतात. तुझ्या बऱ्याचशा 'वाहिन्या' म्हणजे ब्लास्टचे घोळकेच आहेत. वॉन विलेब्रँड फॅक्टर या अस्तराच्या पेशींतल्या प्रथिनाचा स्टेन करून घे. त्यात मेगाकॅरिओसाइटही (प्लेटलेट बनवणाऱ्या मज्जेतल्या पेशी) रंगतात, पण त्या आकाराने एवढ्या दांडग्या की एकदा नजर बसली की चकवत नाहीत. (सुरुवातीला मीही त्या मोजून मोकळा झालो होतो!)

आणि अ‍ॅस्पिरेटच्या नादी लागू नकोस. मज्जा ओढून काचेवर पसरली की वाहिन्यांची रचनाच मोडते. ट्रिफाइन बायोप्सीच (सुईने काढलेला हाड-मज्जेचा अखंड तुकडा) हवी. कमी क्षमतेच्या भिंगाखाली सगळा तुकडा फिरून दाट जागा आधी हेर, मग भिंग वाढवून मोज. कुठली स्लाइड कोणाची हे माहीत नसताना मोजलेलं उत्तम.

तू विचारलंस, रक्ताच्याच कॅन्सरला रक्तवाहिन्या कशाला लागतील? बरीच वर्षं बहुतेकांना तसंच वाटायचं. कॅन्सर संशोधक जुडा फोल्कमन यांनी १९७१मध्ये नव्या वाहिन्यांवाचून गाठ वाढत नाही असं मांडलं, तेव्हा डोळ्यांपुढे घट्ट गाठी होत्या. १९९७मध्ये त्यांच्यासह बोस्टनच्या गटाने लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या मज्जेत वाहिन्या दाटलेल्या दाखवल्या. पुढे मायलॉइड या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियातही तेच दिसलं, आणि उपचाराने रोग हटला की दाटीही ओसरताना आढळली.

ब्लास्ट व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात, त्यावर अस्तराच्या पेशी वाढतात आणि उलट ब्लास्टना वाढीचे घटक पुरवतात. काही ब्लास्टवर व्हीईजीएफचे ग्राहीही (ते पकडणारे रेणू) असतात, म्हणजे स्वतःच सोडायचं आणि स्वतःच घ्यायचं. हे ऐकून तुझी कळी खुलेल, पण जरा दम धर. व्हीईजीएफ अडवणारं औषध बेव्हॅसिझुमॅब २००४मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. मायलॉइड ल्युकेमियात मात्र केमोथेरपीला जोडूनही त्याने रुग्णांचा फायदा झाला नाही. तुझ्या मसुद्यातलं 'वाहिन्या तोडल्या की रोग उपाशी मरेल' हे वाक्य काढ.

सोमवारी दोन्ही स्टेन शेजारी ठेवून बघू. ते दोन आकडे खोडू नकोस, कडेला पेन्सिलीने कारण लिहून ठेव.