नगावर मजुरी

प्रश्न : काका, आमच्या कॉलेजात मराठी विकिपीडियावर लेख लिहायची स्पर्धा झाली. लेख किमान ३००० बाइटचा हवा आणि प्रत्येक लेखाला एक गुण, एवढाच नियम. मी तीन आठवडे ग्रंथालयात बसून १९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर एकच मोठा लेख लिहिला. पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलाने गावांवर ३८ लेख टाकले. गावाचं नाव बदललं की पुढचा लेख तयार. माझा लेख सोबत पाठवतेय. मी वेडेपणा केला का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही, पोरी. तुझा लेख मी दोनदा वाचला.

एकतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माल तपासला, म्हणून मागाचंच सांगतो. नुसती नगावर मजुरी दिली की इंचातले आडवे धागे, म्हणजे पीक, कमी करायचा मोह मालकालाही होतो आणि कामगारालाही. धोटा तेवढ्याच फेऱ्या मारतो, चादरी मात्र जास्त निघतात. घडीत त्या सारख्याच दिसतात. चार धुण्यांनंतर झिरझिरीत होतात, अंगावर घेतली तरी ऊब नाही. इचलकरंजीत मीटरची मजुरी ५२ पिकाच्या हिशेबाने बोलतात, ते मला पटतं. विणीत किती काम गेलं, त्याला तिथे किंमत आहे.

तुमच्या स्पर्धेची मोजपट्टीच ढिली होती. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत अक्षराला तीन, वर काना, मात्रा, उकार यांनाही तीन-तीन. ‘सोलापूर’ एवढा शब्द लिहिला की २१ बाइट झाले. रोमन लिपीत सातच. म्हणजे ३००० बाइट मराठीत जेमतेम दीडशे-पावणेदोनशे शब्दांत भरतात.

त्या मुलावर राग धरू नकोस. नियमाने मागितलं ते त्याने दिलं. माझा राग परीक्षकांवर आहे. दुसरा लेख उघडला असता तरी त्यांच्या ध्यानात आलं असतं. मीही भिंग लावून पीक मोजायचो, पण सुटलेला धागा सापडायचा तो चादर उजेडात धरल्यावरच. त्याला डोळे लागतात आणि वेळ लागतो.

सरांना आत्ताच भेट, पुढच्या वर्षीची वाट बघू नकोस. एकाने जास्तीत जास्त तीन लेख द्यावेत, दोघांनी ते पूर्ण वाचावेत आणि संदर्भ ताडून गुण द्यावेत, असं सांग. लेख थोडे आले तरी चालतील.

आता तुझ्या लेखाचं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या खटल्याचा भाग फार चांगला उतरलाय. येरवड्यात फाशी झाली हे लिहिलंस, तारीख मात्र राहिली : १२ जानेवारी १९३१. ती घाल आणि लेख मला पुन्हा पाठव.