कमी खर्चात घराला नवं रूप कसं देता येईल?

पैसे काढण्याआधी एक सुट्टी फक्त पसारा आवरण्यात घालवा. निम्मं घर तिथेच मोकळं वाटायला लागतं.

मग रंग. खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. पण भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधून बंद करा, नाहीतर नव्या रंगाचेही पोपडे निघणारच. भेगा पुट्टीने बुजवा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावा आणि मग रंगाचे दोन पातळ हात द्या. घाईने एकच जाड हात दिला की ओघळ येतात. सगळं घर परवडत नसेल तर बैठकीच्या खोलीची एकच भिंत रंगवा.

स्वयंपाकघरातली कपाटं धडधाकट असतील तर मोडू नका. मुठी आणि बिजागऱ्या बदलल्या तरी पुरे. बाथरूममध्ये टाइल्सच्या सांध्यांतलं काळं पडलेलं ग्राउट (फटी भरायचा मसाला) खरवडून नवं भरा.

दिव्यांकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बसायच्या-झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचे (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर एलईडी लावा. पांढऱ्याफटक उजेडात महागडा रंगही दवाखान्यातल्यासारखा दिसतो, असं माझं तरी मत आहे.