वाचक विचारतात : सांधे धरलेत, हजेरी तर लावायचीय

या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची आहेत. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. उतारवयात गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो आणि बरेचदा ऐन नोकरीधंद्याच्या वयात गाठतो. म्हणून या वेळी औषधांइतकंच कामाबद्दलही बोलू.

मी ३९ वर्षांची, पतसंस्थेत रोखपाल आहे. दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम घेते. सोमवारी दिवसभर मळमळतं, डोकं जड होतं. महिन्यातून दोन सोमवार तरी रजा पडते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'मॅडम, तुमचं दुखणं सोमवार बघून येतं का?' शिवाय रोज सकाळी दीड तास बोटं वळत नाहीत. साडेनऊला काउंटरवर बसायचं कसं? (नाशिक)

साहेबांचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त कारण त्यांना ठाऊक नाही. दुखणं खरोखरच सोमवार बघून येतं, कारण गोळी रविवारी आहे. ती शनिवारी रात्री घेतली तर मळमळ रविवारी घरीच उरकेल. वार बदलताना एक दिवस अलीकडे यायचं की मधला डोस लांबवायचा, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. एका आठवड्यात दोन डोस मात्र कधीही होऊ देऊ नका. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी तयार होणं थांबतं, तोंड सोलवटतं, ताप येतो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात 'शनिवार' असं लिहून ठेवा. गोळ्या २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. दुकानातून आणल्यावर आकडा दर वेळी वाचायचा. आधी २.५च्या सहा घेत होतात आणि आता हातात १०ची पट्टी आली, तर 'नेहमीच्या सहा' म्हणजे ६० होतात.

मळमळ कमी करायला आणखी तीन गोष्टी डॉक्टरांशी बोलता येतील. फॉलिक ॲसिड चालू आहे का आणि पुरेसं आहे का? ते बहुधा ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून देतात. तोच डोस एकाच दिवशी दोन भागांत घेता येईल का? आणि गोळीऐवजी कातडीखालचं इंजेक्शन चालेल का? इंजेक्शनने अनेकांची मळमळ बरीच कमी होते. औषध चालू असताना दारू नको आणि गर्भधारणा तर नकोच. मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांना सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून देत असेल, तर 'मी मेथोट्रेक्सेट घेते' हे आधी सांगा. ही जोडी घातक आहे. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिनच्या (म्हणजे मूत्रपिंडाच्या) तपासण्या सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे घडी बसली की दोन-तीन महिन्यांनी होतात. 'बरं वाटतंय' म्हणून त्या टाळू नयेत.

आता सकाळचं. रात्री दाह वाढवणारी रसायनं रक्तात चढतात आणि निजल्याजागी सांध्यांभोवती पाणी साठतं, म्हणून पहाटे बोटं जखडतात. पण दीड तास म्हणजे आजार अजून ताब्यात आलेला नाही, ही खूण आहे. पंधरा दिवस रोज किती मिनिटं लागली ते कॅलेंडरवर लिहा आणि पुढच्या तपासणीला दाखवा. 'सकाळी त्रास होतो' एवढं सांगण्यापेक्षा 'सरासरी ८५ मिनिटं' हे ऐकल्यावर डॉक्टर औषध बदलण्याचा विचार लवकर करतात.

तोवर उठायच्या वेळेच्या तासभर आधीचा गजर लावा. गादीतच मनगटं गोल फिरवायची, मूठ अर्धवट मिटायची-उघडायची, अंगठ्याने एकेक बोट शिवायचं, प्रत्येक प्रकार दहा वेळा. मग सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं हात बुडवा आणि पाण्यातच तेच व्यायाम करा. कपडे, डब्याची भाजी, पर्स, सगळं आदल्या रात्रीच तयार असू दे, कारण बोटांना सकाळची घाई अजिबात चालत नाही.

काउंटरवर नोटा मोजताना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीवर सगळा ताण येतो. मोजणीचं यंत्र वापरा, हाताने फक्त पडताळणी करा. शाईपॅडवर दाबून मारायचा शिक्का बदलून स्वतःची शाई असलेला शिक्का मागा. पेनाभोवती स्पंज गुंडाळून ते जाड करा. खातेवही एका हाताच्या बोटांनी ओढू नका, दोन्ही तळव्यांवर पेला. खुर्ची इतकी उंच हवी, की कोपर काटकोनात राहील. पाय लटकत असतील तर खाली पाट ठेवा. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून उभं राहा.

आणि साहेबांशी एकदा एकट्याने, शांतपणे बोला. आजाराचा इतिहास सांगायची गरज नाही. 'माझं औषध आठवड्यातून एकदा असतं, मी दिवस बदलते आहे. सकाळची पंधरा मिनिटं उशिरा आले तर संध्याकाळी तेवढी थांबेन. नोटा मोजायचं यंत्र माझ्या टेबलाजवळ हवं आहे.' वस्तू आणि वेळ यांची नेमकी मागणी केली की समोरच्याला 'बघू' म्हणून टाळणं अवघड जातं.

माझा घरगुती पोळीभाजीचा व्यवसाय आहे, रोज साधारण दीडशे पोळ्या. मनगट सुजतं, लाटणं धरवत नाही. डॉक्टर म्हणतात काम कमी करा. पण घर त्यावरच चालतं. (डोंबिवली)

काम कमी करायच्या आधी कामाची पद्धत बदलून बघू. दीडशे पोळ्यांना जवळपास पाच किलो कणीक लागते. ती हाताने मळणं हा या धंद्यातला सांध्यांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. कणीक मळायचं यंत्र घेणं परवडत नसेल तर निदान मळण्यासाठी तासाभराची मदतनीस ठेवा. लाटणं आणि भाजणं स्वतःकडे राहू दे. कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली की लाटायला जोर कमी लागतो. घट्ट कणकेची पोळी मनगटावरच लाटली जाते.

पोळपाटाची उंची बघा. उभ्याने लाटताना पोळपाट कोपराच्या थोडा खाली असावा, म्हणजे जोर खांद्यातून येतो, मनगटातून नाही. लाटणं जाड आणि हलकं घ्या आणि बोटांनी आवळून न धरता तळव्याने ढकला. चाळीस पोळ्या झाल्या की दहा मिनिटं थांबा. दुखायला लागल्यावर थांबणं म्हणजे उशीर झाला, ही सवय घड्याळाला बांधून घ्या. भाज्या चिरायच्या त्या याच मधल्या वेळात चिरू नका, नाहीतर विश्रांती कसली!

सांडशीने तापलेलं पातेलं उचलताना बोटांच्या पेरांवर येणारा दाब आमवातात अगदी वाईट. दोन कानांची कढई, दोन दांड्यांचा कुकर, आणि दोन्ही हातांत जाड कापड. ओला फडका पिळू नका. नळाभोवती गुंडाळून दाबा किंवा ताटात ठेवून तळव्याने निथळवा. बरणीच्या झाकणावर रबरी चटईचा तुकडा ठेवून तळव्याने फिरवा. हनुवटी बोटांवर टेकवून बसायची सवय असेल तर तीही सोडा. करंगळीच्या दिशेने बोटं ढकलली जातात आणि आजारात ती तिकडेच वळायला बघत असतात.

मनगटाचा पट्टा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं सोपी करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून) मापाने करून घ्या. औषधाच्या दुकानातला तयार पट्टा बरेचदा अंगठ्याच्या मुळाशी रुततो आणि दोन दिवसांत कपाटात जातो. कामाचा पट्टा बोटं मोकळी ठेवणारा असतो, रात्रीचा वेगळा. दिवसभर पट्टा बांधून ठेवला तर आजूबाजूचे स्नायू सुस्तावतात.

सूज एकदम वाढून सांधा गरम आणि लाल झाला, की तो भडक्याचा दिवस समजा. त्या दिवशी सांधा फक्त हळूवार हलवायचा, जोर नाही. नेहमीच्या ग्राहकांना आधीच सांगून ठेवा, की महिन्यात दोन-तीन दिवस पोळ्यांऐवजी भात-आमटी किंवा खिचडी मिळेल. डबा चुकण्यापेक्षा खिचडी आली तर लोक समजून घेतात.

पत्नी शिक्षिका आहे. तिचे रिपोर्ट सुधारलेत, ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला. तरी चार वाजता घरी आली की आडवी होते, सुट्टीतही उत्साह नाही. आम्ही सगळे 'पॉझिटिव्ह राहा' सांगतो, तर ती चिडते. (पुणे)

चिडणारच. थकवा हे या आजाराचं लक्षण आहे. तो स्वभावातला दोष नाही, आणि सांध्यांची सूज उतरली तरी तो मागे रेंगाळू शकतो. दुपारी आडवं होणाऱ्या बाईला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणजे तिच्या कानाला 'तू ढोंग करतेस' असंच ऐकू येतं.

आधी थकव्याची दुरुस्त होणारी कारणं शोधा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. दुखण्याने रात्री किती वेळा जाग येते ते विचारा. स्टेरॉइड चालू असेल तर ते सकाळी नाश्त्यानंतर घेते का ते बघा, कारण रात्री घेतलं तर झोप उडते.

मग एक आठवडाभर तिने दर दोन तासांनी दहापैकी किती ताकद आहे तो आकडा लिहावा. शिक्षकांच्या बाबतीत बहुतेक वेळा एक ठरावीक चित्र दिसतं : बरं वाटलं त्या दिवशी साठ वह्या तपासल्या, पलंगाखालचं सगळं काढून झाडलं, आणि पुढचे दोन दिवस गादीत गेले. ही चढउताराची साखळी तोडायची आहे. बऱ्या दिवशी ठरलेल्या कामाच्या तीन चतुर्थांश करून थांबायचं, वाईट दिवशीही पूर्ण झोपून राहायचं नाही. साठ वह्या एका बैठकीत न तपासता पंधरा-पंधरा करायच्या. फळ्यावर खांद्याच्या वर हात नेऊन लिहिण्याऐवजी छापील तक्ते वापरायचे, एका तासाला खुर्चीवर बसून शिकवायचं. वेळापत्रकात सलग तीन तास आले असतील तर मुख्याध्यापकांना मधे एक मोकळा तास मागता येतो.

चालण्याने थकवा कमी होतो, हे ऐकायला उफराटं वाटेल. आठवड्याला एकूण १५० मिनिटं हे लक्ष्य, पण सुरुवात दहा मिनिटांनी, घराच्या गल्लीत, आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनीच वाढवायची. पहिल्याच दिवशी पर्वतीच्या पायऱ्या चढायला नेऊ नका.

तुम्ही काय बोलावं? 'आज किती?' एवढंच विचारा. तिने 'चार' म्हटलं, तर 'मग कुकर मी लावतो' म्हणा आणि खरंच लावा.

एक वेगळी गोष्टही तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, स्वतःला ओझं समजणं, झोप किंवा भूक बिघडणं, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. दीर्घ आजारांत ते वारंवार दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. जगण्याचा कंटाळा आल्याचं ती बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत आहे. आजार सांगावा का? (हिंजवडी)

मुलाखतीत स्वतःहून सांगायची सक्ती साधारणपणे नसते. पण लेखी वैद्यकीय फॉर्मवर विचारलं असेल, तर खोटं लिहू नका. रुजू झाल्यावर मात्र सोयी मागायला कागद हवा. डॉक्टरांच्या पत्रात आजाराच्या नावापेक्षा कामाच्या मर्यादा नेमक्या हव्यात : 'सकाळी दहाच्या आधी टायपिंग अवघड, एका वेळी ४५ मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नये.' कंपनीची सामूहिक विमा पॉलिसी बरेचदा जुना आजार पहिल्या दिवसापासून धरते. स्वतःची पॉलिसी घ्याल, तर नव्या नियमानुसार आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. फॉर्ममध्ये आजार लपवलात तर दावा फेटाळायला विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

सांध्यांत कायमचा बिघाड झालेला असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली हालचालीशी संबंधित अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाला आहेत. निदान झालं म्हणजे प्रमाणपत्र मिळेल असं नाही, तिथे सांध्यांची हालचाल आणि ताकद मोजतात. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता किंवा हुद्दा उतरवता येत नाही, गरज पडल्यास तेवढ्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं.

वडिलांनी गावाकडच्या एका वैद्याची पुडी सुरू केली. चार दिवसांत सूज गेली. आता सगळ्या गोळ्या बंद करायच्या म्हणतात. (सांगली)

इतक्या झपाट्याने आमवात उतरतो, तेव्हा पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. चेहरा गोल झाला आहे का, साखर आणि रक्तदाब वाढलाय का, भूक अचानक वाढली का, हे बघा. पण पुडीही एका दिवसात बंद करू नका. काही आठवडे स्टेरॉइड पोटात गेलं, की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते एकदम थांबलं तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब एकदम खाली येणं असं होऊ शकतं. पुडी सोबत घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. किती दिवसांत कमी करायचं ते तेच सांगतील. वडील बिडी ओढत असतील तर तेही तिथे सांगा. धूम्रपानाने हा आजार बळावतो आणि औषधं कमी लागू पडतात.