जमीन गेली तर मावेजाच म्हणा

प्रश्न असा आहे: ‘कॉम्पेन्सेशन’ला नेमका मराठी शब्द कोणता? गावात रस्त्यात, तलावात जमिनी गेलेले सगळे मावेजा म्हणतात. पण तो हिंदी आहे, अर्जात नुकसानभरपाई लिहा, असं सांगणारेही भेटतात. खरं काय?

जमीन संपादनात गेली असेल तर मावेजा. अर्जातसुद्धा. आणि ज्या अर्जातून हा शब्द हाकलायचा म्हणतात, तो ‘अर्ज’ही त्याच घरातला आहे, हे सांगणाऱ्यांच्या गावी नसतं.

आधी इंग्रजीचं उरकून घेऊ. कॉम्पेन्सेशन लॅटिनमधून आला, मूळ अर्थ एकासमोर दुसरं ठेवून तोलणं. पेन्शन त्याच धातूचं. नोकरीच्या कागदांत कॉम्पेन्सेशन म्हणजे पगार आणि भत्ते, तिथं मोबदला म्हणावं. ‘कर्मचाऱ्यांची नुकसानभरपाई’ असं भाषांतर केलं की नोकरी हाच अपघात वाटू लागतो. डॅमेज म्हणजे नुकसान, पण कोर्टातलं डॅमेजेस म्हणजे त्यापोटी मिळणारे पैसे. ते अनेकवचन नव्हे, वेगळाच शब्द समजा. रीइम्बर्समेंट म्हणजे आपण आधी खर्च केलेले परत मिळणं. त्यात पैशाची थैली दडली आहे, थैलीत परत घालणं. त्याला प्रतिपूर्ती हा सरकारी शब्द चांगला रुळला आहे. हिंदीतला ‘प्रतिकर’ मात्र इकडं आणू नये, त्यात कराचाच वास येतो.

आता मावेजा. मूळ अरबी, उर्दूत मुआवज़ा. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चालायचा, म्हणून 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत तो मुरला. हिंदीला तो आपल्यासारखाच बाहेरून मिळाला, त्यामुळं ‘हिंदीतून उचलला’ हे निव्वळ अज्ञान. त्याचं मूळ ‘इवज़’, म्हणजे एकाच्या बदल्यात दुसरं. त्यातूनच आपला ‘ऐवजी’ आला आणि चोरीच्या बातमीत लंपास होणारा ‘ऐवज’ही. ऐवजी चालतं, मावेजा चालत नाही, हा कुठला न्याय?

खरी गंमत त्यातल्या ‘ज’मध्ये आहे. अरबीत ‘दाद’ नावाचं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार इतका खास की अरब आपल्या भाषेला दादची भाषा म्हणतात. फारसी-उर्दूत त्याचा ज़ झाला, मराठीत ज. आता आपल्या कचेरीतले शब्द बघा: अर्ज, कर्ज, रजा, हजर, जामीन, काजी, हुजूर. सगळ्यांत मुळात दाद. जप्तीत आहे. जिल्ह्यातही आहे, तिथं मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, आणि मग मुलखाचा भाग. मावेजा थकला की कोर्टाच्या हुकमानं जिल्हाधिकाऱ्याच्या गाडीवर जप्ती येते, ही मराठवाड्यात नेहमीची बातमी. त्या एका बातमीत दाद तीनदा येतो. मावेजा काढायचा तर जिल्हा आणि जप्तीही काढा, आणि मग बातमी लिहून दाखवा.

मोबदलाही अरबीच. बदल, बदली, बदला ही त्याची भावंडं. अर्थ जवळजवळ तोच, पण वापरानं वाटण्या झाल्या आहेत. राजीखुशीनं काम केलं, त्याचा मोबदला. सरकारनं घेतलं, त्याचा मावेजा.

भरपाईवर मात्र माझा खरा राग आहे. भरणं आणि पावणं मिळून भरपाई. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे रक्कम पुरती मिळाल्याची कबुली, ‘भरून पावलो’. म्हणून ‘वाढीव भरपाई’ हा शब्दप्रयोग मला आचरट वाटतो. भरून पावलात तर वाढीव कशाचं मागता? वाढीव मावेजा बरोबर, कारण बदल्यात दिलेलं कमी पडू शकतं. कोशकार दोन्ही शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत बसवतात, त्यांनी एकदा भूसंपादनाच्या कचेरीत बसून बघावं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात रक्कम उचलताना हरकत नोंदवली नाही, तर वाढीव रकमेसाठी पुढं दाद मागता येत नाही. (ही दाद वेगळी, फारसीतली, न्याय या अर्थाची.) म्हणून मावेजा उचलताना सहीजवळ ‘हरकत राखून’ असं लिहायचं, ‘भरून पावलो’ कधीच नाही.

त्याच कायद्यातला सोलेशियम हा शब्द कन्सोल, सोलेस यांच्या घरचा, म्हणजे सांत्वनाचा. मराठीत दिलासा रक्कम म्हणतात, छान आहे. 1894 च्या कायद्यात हा दिलासा 15 टक्के होता, 1984 मध्ये 30 झाला, नव्या कायद्यात 100. बाजारभाव 10 लाख आणि गुणक 2 धरला तर 20 लाख, त्यावर तितकाच दिलासा, म्हणजे 40. शिवाय बाजारभावावर वर्षाला 12 टक्के वेगळे. दिलासा हा मावेजाचाच भाग आहे, त्याला ‘व्याज’ म्हणू नये.

अतिवृष्टीत पीक गेलं तर मिळतं ते मावेजाही नाही आणि भरपाईही नाही. 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर आपत्ती निधीतून मिळतं ते निविष्ठा अनुदान, पुढच्या पेरणीला हातभार. 2022 ते 2026 च्या केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत. यात सोयाबीनची कसली भरपाई? पेपरवाले मथळ्यात ‘नुकसानभरपाई’ छापतात, गावातली माणसं मात्र ‘अनुदान पडलं का’ असंच विचारतात, आणि तेच बरोबर. पीकविम्याचं मिळतं ती तेवढी भरपाई म्हणा, कारण तिथं हप्ता भरून ठरलेल्या रकमेचा करार असतो.

लिहिताना: मावेजाचा, मावेजाला. दरवाजाला, मोजाला लिहितो तसं. ‘मावेज्याला’ नको, आणि उर्दूची हौस म्हणून ‘मुआवजा’ तर अजिबात नको.