एका टेबलावर दोघे

प्रश्न : 'हीट' हा सिनेमा नुकताच पाहिला. ज्याच्या मागावर आहे त्याच दरोडेखोराला पोलीस अधिकारी कॉफी प्यायला घेऊन जातो, हे काही पटलं नाही. दोन मोठे नट समोरासमोर आणायचे म्हणून प्रसंग घुसडलाय का?

उत्तर : नाही हो, हे खरंच घडलंय. शिकागोतले पोलीस अधिकारी चक अ‍ॅडमसन नील मॅकॉली नावाच्या दरोडेखोराच्या मागावर होते. १९६३ साली दोघं समोरासमोर आले आणि अ‍ॅडमसननी त्याला कॉफीला बोलावलं. पुढच्याच वर्षी मॅकॉली पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. अ‍ॅडमसननी ही हकिकत दिग्दर्शक मायकल मान यांना सांगितली. १९९५च्या 'हीट'मध्ये रॉबर्ट डी नीरोने केलेल्या दरोडेखोराच्या पात्राला मान यांनी नावही तेच ठेवलं.

मी बरीच वर्षं संकलन केलं, त्यामुळे माझा जीव अडकतो तो या प्रसंगाच्या चित्रीकरणात. एरवी एका नटाचा क्लोजअप आधी घेतात, मग दिवे हलवून दुसऱ्याचा. संकलकाला दोन वेगळ्या वेळचे तुकडे जुळवावे लागतात, आणि एकाचा सूर दुसऱ्यात उतरत नाही. इथे मान यांनी दोघांच्या खांद्यांमागे एकेक कॅमेरा ठेवून दोन्ही एकाच वेळी चालवले. प्रसंगाची तालीमही टाळली. म्हणून पोलीस झालेला अल पचिनो बोलताना डी नीरोच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते त्याच क्षणाचं आहे.

पचिनो त्याचं स्वप्न सांगतो. मोठ्या मेजवानीच्या टेबलाभोवती त्यानं तपास केलेल्या खुनांतली माणसं बसलीत, काळ्याठिक्कर डोळ्यांनी त्याच्याकडे बघतायत. डी नीरो विचारतो, ती काय म्हणतात? काहीच नाही. मग तो स्वतःचं स्वप्न सांगतो, बुडण्याचं. बायकोशीही जे बोलता येत नाही ते हा पोलीस या चोराशी बोलतो, कारण ते समजेल असा माणूस त्याला दुसरा भेटलेलाच नाही. तरीही वेळ आली तर गोळी घालीन, हे दोघंही तिथेच एकमेकांना स्पष्ट सांगतात. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही, आणि मला तर भर रस्त्यावरच्या त्या गाजलेल्या गोळीबारापेक्षा याच टेबलाची जास्त धास्ती वाटते.

हा प्रसंग काढून टाका आणि शेवट आठवून बघा. विमानतळावर मरणाऱ्या चोराचा हात पोलिसाने हातात का धरलाय, हे मग कळणारच नाही.