जुलैचा रकाना

प्रिय मित्रास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सायकल शर्यतीच्या वर्षभराच्या सरावाचा तक्ता वाचला. त्यामागची मेहनत दिसते. मात्र तो ज्या हवेसाठी बेतला आहे ती हवा बेल्जियमची आहे. युरोपात मोठ्या शर्यतींचा हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर चालतो, म्हणून तिथले सायकलपटू नोव्हेंबर-डिसेंबरात पाया घालतात, म्हणजे लांब, संथ सरावाने दम वाढवतात. तुझी शर्यत पुण्यात आणि तीही जानेवारीत आहे. हाच तक्ता पाळलास तर शर्यतीच्या दिवशी तू पायाच घालत असशील आणि तयारी कळसाला पोचेल ती मे महिन्याच्या उन्हात.

तेव्हा शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत ये. आपला पाया जून ते सप्टेंबर, म्हणजे भर पावसाळ्यात घालायचा. पाण्याखालचे खड्डे आणि ओले पांढरे पट्टे जिवावर बेततात, म्हणून आठवड्यातले चार दिवस घरीच ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) ६० ते ९० मिनिटे, धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने पेडल मारावे आणि उघडीप मिळाली की रविवारी तीन-चार तास बाहेर पडावे. या संथ सरावाने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते आणि चरबीतून ऊर्जा मिळवण्याची शरीराची क्षमता सुधारते. (पंखा समोर लाव, घरात वारा लागत नाही, अर्ध्या तासात माणूस उकडून निघतो.) आठवड्यातून दोनदा वजन घेऊन बैठका माराव्यात. हे सारे कंटाळवाणे आहे, हे मान्य. तिशीपर्यंत मी हे चार महिने भजी आणि चहावर काढले आणि दर डिसेंबरात कात्रजच्या घाटात त्याची भरपाई केली.

ऑक्टोबरच्या उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस वेगाचा आग्रह धरू नकोस. त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत आठवड्यातून दोनच दिवस कस लावायचा: सिंहगडाच्या चढावर आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये तेवढीच विश्रांती. बाकीचे दिवस खरोखर हलके हवेत. तरुण मुले नेमकी इथेच चुकतात, रोज थोडे थोडे जोरात जातात आणि जोराच्या दिवशी पायात काही उरत नाही. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर तृतीयांशाने कमी कर. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची असेल तर ती नोव्हेंबरात कर; तिच्यासाठी साडेतेरा तास मिळतात, तेव्हा तिथे कोणाशी चुरस लावू नकोस.

शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आण, पण छोट्या वेगवान फेऱ्या सोडू नकोस. शर्यतीनंतर दोन आठवडे सायकलला हात लावला नाहीस तरी चालेल. मार्च ते मे सकाळी आठच्या आत घरी परतावे.

नवा तक्ता केलास की पाठव. त्यात जुलैचा रकाना आधी भर.

तुझा,
एक जुना घाटकरी