मलावीच्या खेड्यात जाताय? औषधाची पेटी घरीच ठेवा

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नर्स, यजमान कृषी पदवीधर, आणि मंडळी तुम्हाला दोन वर्षांसाठी दक्षिण मलावीतल्या खेड्यात पाठवतेय. तिथलं रोजचं जगणं कसं असतं, आरोग्याचं प्रशिक्षण कुठून सुरू करायचं आणि औषधं किती न्यायची, असं तुम्ही विचारलंय. मी मुलांजे आणि फालोंबे या भागात नऊ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. औषधं स्वतःपुरतीच न्या. मी पहिल्या वर्षी पेटी भरून नेली आणि व्हरांड्यात बसून गोळ्या वाटल्या. आठवड्याभरात सकाळी सहापासून रांग लागायला लागली. मला वाटलं, प्रभूने दार उघडलं. पण गावासाठी सरकारी पगारावरचा एक आरोग्य कार्यकर्ता नेमलेला असतो, कधी दोन-तीन गावांत मिळून एक. त्याला तिथे एचएसए म्हणतात. आपल्याकडची आशाताई आणि उपकेंद्रातला कर्मचारी यांच्या मधलं काहीतरी समजा. लहान मुलांचा ताप, जुलाब, न्यूमोनिया यांची औषधं त्याच्याकडे असतात. माझ्या व्हरांड्यामुळे त्याच्याकडे कुणी जाईना. मग माझी पेटी संपली, मी दोन महिने सुटीवर घरी आले, आणि त्या दोन महिन्यांत बायका आजारी मुलं घेऊन माझ्या कुलूपबंद दाराशी येऊन परत जात राहिल्या. हे मला परतल्यावर शेजारणीने सांगितलं. ते अजून मनातून जात नाही. शिवाय तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसताना तुम्ही रुग्ण तपासूच शकत नाही. त्या नोंदणीचं काम इथून निघण्याआधीच सुरू करा.

आता जगणं. पाणी बोअरच्या हातपंपावरून बादलीने, चूल सरपणाची नाहीतर म्बाऊला, म्हणजे कोळशाची शेगडी. पहिला पाऊस नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. जून-जुलैत चिपेरोनी नावाचा गार वारा बारीक पाऊस घेऊन येतो आणि चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून गेलात तर कुडकुडाल, दोन स्वेटर घ्याच. कुणाच्या घरी गेलात तर अंगणाबाहेर उभं राहून ‘ओदी’ म्हणायचं, आतून ‘ओदिनी’ आलं की मगच पाऊल टाकायचं. काही देताना-घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला. बायका गुडघे किंचित वाकवतात. कमरेला चितेंजे, म्हणजे लुंगीसारखं छापील कापड गुंडाळा, पंजाबी ड्रेसवरसुद्धा. आपल्याला तिथे अम्वेन्ये म्हणतात, म्हणजे भारतीय. शहरातली भारतीय दुकानं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे तुमचं दुकान कुठे आहे, असं पहिले काही महिने विचारतील. रागावू नका.

जेवणाची काळजी तुम्हाला वाटतेय ती अजिबात करू नका. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून कालवणाला लावून खायची. आधी कुणीतरी तांब्याने तुमच्या हातावर पाणी घालतं. कालवण म्हणजे न्दिवो. त्यात भोपळ्याचा पाला, माठासारखी बोनोंग्वे, आणि दोन्हींत शेंगदाण्याचा कूट! पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आईचं स्वयंपाकघर आठवलं. मलावी सरोवराकडून उसिपा नावाचे बारीक सुके मासे येतात, आपलं सुकटच. आणि तूर. दक्षिण मलावीत मक्यात तूर लावतात, तिला नान्दोलो म्हणतात, आणि तिथली तूर जहाजाने आपल्याकडे येते. ते ती अख्खी शिजवतात, टोमॅटो-कांदा-मीठ घालून. माझी फोडणी शेजारणींना फार तिखट लागली, पण हिंग त्यांनी मागून नेला.

प्रशिक्षण मात्र पहिले सहा महिने सुरूच करू नका. भाषा शिका. चिचेवा आली नाही तर तुम्हाला रोगही कळत नाहीत. मलुंगो म्हणजे मलेरिया असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. नंतर कळलं की साधा ताप, अंग मोडून येणं, या सगळ्यालाच मलुंगो म्हणतात. आणि मयतीला जा. मालिरो असेल त्या दिवशी गावातलं सगळं काम थांबतं, तुमचा वर्गही. मी पहिल्यांदा वर्ग रद्द झाला म्हणून चिडून घरी बसले होते. पुढे बायकांबरोबर त्या घरात जमिनीवर रात्रभर बसायला लागले, तेव्हापासून मला लोक मनातलं सांगायला लागले.

सुरुवात म्फुमुच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या परवानगीने, आणि एचएसएला बरोबर घेऊनच करायची. शिकायला कुठल्या बायका घ्यायच्या ते गावाला ठरवू द्या. इथे मला जामखेडचा फार उपयोग झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथे निरक्षर, पुष्कळशा दलित बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि त्या आठवड्याला एकत्र बसून एकमेकींना शिकवत राहिल्या. जाण्याआधी तिथे राहून बघता आलं तर नक्की बघा.

एक प्रसंग सांगते. जुलाबाचं पाणी शिकवलं: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. सगळ्यांना तोंडपाठ, गाणंसुद्धा रचलं. पंधरा दिवसांनी एका आईच्या घरी गेले तर बाळाने ते पाणी थुंकून टाकलेलं. मी चाखलं, खारट जहर. घरात छोटा चमचा नव्हताच, एक मोठा पळीसारखा चमचा होता, तिने त्याने मोजलं. गाणं बरोबर होतं, घर मी पाहिलंच नव्हतं. बाळ वाचलं, एचएसएकडच्या ओआरएसच्या पुड्यांनी. त्यानंतर मी प्रत्येक वर्ग कुणाच्या तरी अंगणात, त्याच घरातल्या भांड्यांनी घेतला. आणि जानेवारी-फेब्रुवारीत, जुना मका संपलेला आणि नवा आलेला नसतो तेव्हा, साखर कुठून येणार? मग मक्याच्या पिठाची पातळ पेज, तिला फाला म्हणतात, चिमटीभर मीठ घालून. याच महिन्यांत कुपोषण कळावं म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावून मोजत फिरा. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या, उद्यावर टाकू नका.

2022-23 च्या कॉलऱ्यात मलावीत 1,700 हून अधिक माणसं गेली, आणि त्यातच मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने फालोंबे-मुलांजेची गावं चिखलाखाली गाडली. तेव्हा मी भारतात परत आले होते. फोनवर कळलं की आमच्या गटातल्या बायकांनी घरोघरी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घातलं आणि ओआरएसच्या पुड्या पोहोचवल्या. कुणी सांगायला गेलं नव्हतं.

भत्त्याबद्दल. मोठ्या संस्था प्रशिक्षणाला बसण्याचे पैसे देतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘अलावन्स’ किती, असं विचारतील. त्यांचं चुकत नाही, दिवसभराची शेतातली मजुरी बुडते. वर्ग दीड तासाचा, दुपारनंतर, त्यांच्याच गावात ठेवा. मग पैसे न देताही लोक येतात.

श्रद्धेबद्दलही विचारलंय. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, ते तुमच्याकडून अपेक्षितच असतं. पण प्रार्थनेनंतर चाचणी करायला स्वतः चालत बरोबर जा. औषध आणि उपासनेची हजेरी यांची गाठ कधीही घालू नका, ते मला पाप वाटतं. एचआयव्हीबद्दल तर कुणालाही चारचौघांत विचारू नका. 2011 मध्ये प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं देणारा मलावी पहिला देश ठरला. बायका गोळ्या घेतात, फक्त शेजारणीला कळू नये एवढीच त्यांची धडपड असते. आणि तुम्हा दोघांना ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची चाचणी. मच्छरदाणी रोज, पाहुणे म्हणून गेलात तरी.

यजमानांनी तिथे काय करायचं, हे विचारलं नाहीत, पण दोन वर्षांत त्यांचंच काम जास्त लागणार आहे. कुपोषण माझ्या वर्गापेक्षा परसबागेने अधिक हटलं. इथून बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. पोहोचलात की शेजारी जाऊन, ‘ओदी’ म्हणून, मूठभर नान्दोलोचं बी मागा आणि कसं पेरायचं तेही त्यांनाच विचारा. पहिल्या पावसाला मक्याच्या ओळीत टाका.